आकडे सोडून गोष्ट: सरकारी प्रचार मालिकेकडे कसा वळला, त्याची पार्श्वभूमी

हल्ली कुठल्याही लीडरशिप ट्रेनिंगला बसलं की पहिल्या तासातच ऐकायला मिळतं, लोकांसमोर डेटा ओतू नका, गोष्ट सांगा. हे सगळं कॉर्पोरेट जगातून आलंय असाच बहुतेकांचा समज असतो. पण आपल्या देशात हा प्रयोग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केला तो सरकारनं, तोही टीव्हीवर, १९८४ मध्ये, 'हम लोग' या मालिकेतून, आणि त्याआधी तीसेक वर्षं आकड्यांनी लोकांना कुटुंबनियोजन पटवायचा प्रयत्न करून हात पोळून घेतल्यावर. तो प्रयोग नेमका कुठे जमला आणि कुठे घसरला हे नीट माहीत नसेल तर "गोष्ट सांगा" हा सल्ला अर्धवटच राहतो, म्हणून हे टिपण.

फार जुन्यात शिरत नाही. कीर्तनात आधी पूर्वरंगात निरूपण आणि मग उत्तररंगात आख्यान, हा क्रम आपल्याला सांगायला नको. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन शेतकऱ्याची लूट मांडली आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तीच वाट आणखी धारदार केली. यातली एकच गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवा. सांगणारा माणूस समोर उभा असायचा, कार्यक्रम संपल्यावर लोक तिथेच थांबून त्याच्याशी आणि आपापसात बोलायचे, वाद घालायचे.

आता मुद्द्यावर. १९५२ मध्ये भारतानं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, सरकारी पातळीवर असं करणारा जगातला पहिलाच देश. १९५१ च्या जनगणनेत ३६ कोटी, १९६१ ला ४४ कोटींच्या जवळ, १९७१ ला ५५ कोटींच्या जवळ, आणि प्रचाराचा सगळा भर याच आकड्यांवर. लोकसंख्या इतकी वाढली, धान्य इतकं कमी पडतंय, म्हणून मुलं कमी. साठच्या दशकाच्या शेवटी कुटुंबनियोजनाची खूण म्हणून लाल त्रिकोण आला, भिंतीवर दोन मुलांचं हसरं कुटुंब आलं. पण ज्या घरात दोन लेकरं लहानपणीच गेलीत त्या घरातल्या बाईला देशाच्या लोकसंख्येचा आकडा सांगून काय फरक पडणार? तिला शेवटी एक तरी पोरगं जगेल का याची काळजी होती, आणि त्या काळजीला पोस्टरवर कुठेच जागा नव्हती.

आकड्यांचं दुसरं रूप आणखी वाईट होतं, ते म्हणजे टार्गेट. गावच्या नर्सपासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकाला वर्षाला नसबंदीच्या अमुक इतक्या केसेस. आणीबाणीत याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या, आणि जबरदस्ती किती झाली याच्या आठवणी अजून घराघरात आहेत. १९७७ ला सरकार पडलं, कार्यक्रमाचं नाव बदलून कुटुंब कल्याण झालं, पण गावात सरकारी जीप दिसली की माणसं शेतात पळायची ही अवस्था काही एका पाटीनं बदलत नाही. माझ्या मते गोष्टीकडे वळण्याचं खरं कारण हेच आहे. कुणाला सर्जनशील कल्पना सुचली म्हणून हे झालं नाही, तर आकडे घेऊन येणाऱ्या माणसावरचा विश्वासच उडाला होता म्हणून दुसरा रस्ता शोधावा लागला.

तो रस्ता मिळाला मेक्सिकोत. त्याचीही एक आधीची कडी आहे. १९६९ मध्ये पेरू देशात एक टीव्ही मालिका लागली, खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण रात्रशाळेत शिकते, शिवणकाम करून वर येते, आणि मालिका चालू असताना तिकडे शिलाई मशीनचा खप वाढला, मोलकरणी शिवणवर्गांना नाव घालायला लागल्या. कुणी कसलाही संदेश द्यायचा ठरवलं नव्हतं. मेक्सिकोतल्या एका निर्मात्यानं हे बघितलं आणि ठरवून तसं करता येतं का याची पद्धतच बांधली. काही पात्रं चांगलं वागणारी, काही वाईट, आणि मधली काही दोन्हीकडे ओढली जाणारी. प्रेक्षकानं या मधल्यांशी नातं जोडायचं, कारण तेच चुकतमाकत बदलतात. शेवटी अर्ध्या मिनिटाचा समारोप, त्यात एखादा ओळखीचा चेहरा येऊन मदत कुठे मिळेल ते सांगणार. १९७५-७६ मधली त्याची मालिका प्रौढ साक्षरतेवर होती. एका भागात साक्षरतेची पुस्तकं मिळण्याच्या खऱ्या केंद्राचा पत्ता सांगितला तर दुसऱ्या दिवशी २५ हजारांच्या आसपास माणसं तिथे जाऊन धडकली आणि मेक्सिको सिटीत ट्रॅफिक तुंबला. पुढची मालिका कुटुंबनियोजनावर होती.

१९८३ च्या सुमारास आपल्या माहिती-प्रसारण खात्यातल्या बड्या अधिकाऱ्यानं मेक्सिकोत जाऊन हे पाहिलं, मग तिकडच्या निर्मात्याला इथे बोलावून वर्कशॉप झालं, आणि जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे, दारुडा बाप, सोसणारी आई भागवंती, हे तुम्हाला किंवा तुमच्या आई-वडिलांना पाठ असणार. डिसेंबर १९८५ पर्यंत १५६ भाग.

आता ज्या निर्णयावरून जाणकारांत अजून वाद आहे तो सांगतो, कारण माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे.

मालिका मुळात कुटुंबनियोजनासाठी होती आणि पहिल्या तेरा भागांत ते स्पष्ट दिसत होतं. पात्रं बोलायची तीच मुळी प्रचारपत्रकासारखी, गोष्ट सरकत नव्हती, प्रेक्षक कंटाळले, टीका व्हायला लागली. मग निर्णय झाला की कुटुंबनियोजनाचा मुद्दा मागे घ्यायचा आणि घरातलं नातं, बायकांचं स्थान, दारू, हुंडा, राष्ट्रीय एकात्मता अशा विषयांना पुढे आणायचं. संवादात उत्तरेतल्या मध्यमवर्गीय घरातली खरी बोली आली, आणि मालिका बघताबघता देशाची झाली. चार लाखांच्या आसपास पत्रं आली. आज कुणाला यावर विश्वास बसणार नाही, पण लोक पात्रांना सल्ले पाठवायचे, बडकीनं त्या डॉक्टरशी लग्न करावं की नाही यावर बाहेर गल्लीत चर्चा व्हायची.

एक बाजू म्हणते, बरोबरच झालं, जे कुणी बघतच नाही त्यातून कोण काय शिकणार. दुसरी बाजू म्हणते, ज्या कामासाठी जनतेचा पैसा आणि राष्ट्रीय वाहिनीची सगळ्यात मोक्याची वेळ दिली तेच काम काढून टाकलंत, मग उरलं काय, तर मालिका. आणि ही मालिका प्रायोजकावर चालणारी आपली पहिली, दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स तोवर कुणाला माहीत नव्हत्या त्या हिच्यामुळे घरोघरी गेल्या. तिथून पुढे जाहिरातदारांना कळलं की मालिकेत पैसा आहे, आणि काही वर्षांत समाजप्रबोधन हा शब्द फक्त फाइलीत राहिला. हा दुसरा आक्षेप मला पूर्ण खोटा वाटत नाही. पण मी पहिल्या बाजूचा आहे, कारण तेरा भागांपर्यंत जे चाललं होतं ती गोष्ट नव्हतीच, आकड्यांनाच माणसांचे कपडे घातले होते, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

खरी गोची वेगळीच निघाली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. भागवंती हे पात्र लेखनात "असं सोसत राहू नका" म्हणून उभं केलं होतं. नवरा पितो, सासू बोलते, ती गप्प. पण नंतर प्रेक्षकांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की बऱ्याच जणांना, त्यात बायकाही होत्या, तीच आदर्श वाटली, बाई असावी तर अशी. मेक्सिकोच्या पद्धतीत वाईट वागणाऱ्याला शिक्षा होते आणि बदलणाऱ्याला बक्षीस मिळतं, इथे ते धूसर झालं होतं, शिवाय भागवंतीची भूमिका करणारीनं ती इतक्या मायेनं केली की लोकांचा जीव तिच्यावरच जडला. प्रत्येक भागाच्या शेवटी एक ज्येष्ठ सिनेनट येऊन अर्ध्या मिनिटात विषय समजावून सांगायचे, लोक त्यांचा शब्द मानायचेही, पण बावीस मिनिटं बघितलेली माणसं अर्ध्या मिनिटानं पुसली जात नाहीत. चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. गोष्ट चुकीच्या बाजूनं मनात बसली तर ती काढायची कशी याचं उत्तर तेव्हा नव्हतं, आणि आजच्या ट्रेनिंगवाल्यांनाही मी हा प्रश्न विचारून बघितलाय, त्यांच्याकडेही ते नसतं.

उत्तराचा एक तुकडा खरंतर आपल्याच पुण्यात आधीच सापडला होता आणि तो विसरला गेला याची मला फार हळहळ वाटते. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं आंतरराष्ट्रीय मदतीनं रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. ५ जिल्ह्यांतली १५० गावं, प्रत्येक गावात वीसेक जणांचा गट, दहा आठवडे आठवड्यातून दोनदा मराठीत कार्यक्रम. सगळे एकत्र बसून ऐकणार, रेडिओ बंद झाला की त्यावर बोलणार, गटाचा निमंत्रक काय ठरलं आणि काय शंका आल्या ते लिहून केंद्राला पाठवणार, आणि पुढच्या कार्यक्रमात त्या शंकांना उत्तरं मिळणार. शेजारी तुलनेसाठी अशीही गावं घेतली होती जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि अशीही जिथे रेडिओच नाही. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत अगदी थोडी. म्हणजे कार्यक्रम तोच, आवाज तोच, फरक फक्त नंतरच्या बोलण्याचा. १९५९ पासून ही मंडळं देशभर नेली, हजारोंनी निघाली, आणि मग हळूहळू विझली. 'हम लोग'च्या वेळी कुणी गावोगाव अशी बैठक बसवली नाही. लोक आपलेआपण बोलले, पत्रं लिहिली, पण भागवंतीबद्दल "अगं, पण तिनं गप्प का बसावं" असं विचारणारं बाजूला कुणीतरी असेलच याची सोय नव्हती.

१९९६ मध्ये दोन गोष्टी जवळपास बरोबरच घडल्या. एप्रिलपासून सरकारनं कुटुंब कल्याणातली गर्भनिरोधनाची टार्गेट रद्द केली, आणि त्याच्या दोन महिने आधी दिल्ली आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' ही १०४ भागांची श्रुतिका सुरू झाली होती. तिच्यात हुंड्यासाठी छळलेली पूनम नावाची नवी नवरी शेवटी जीव देते. उत्तर प्रदेशात अलीगढ जिल्ह्यातल्या लुत्सान गावात हे ऐकून गाव हललं. तिथल्या एका शिंप्यानं पुढाकार घेतला आणि डिसेंबरमध्ये आकाशवाणीला भलंमोठं रंगीत पत्र गेलं, खाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे, आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही. अभ्यासक तिथे परत परत गेले. मुली शाळेत जायचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तरुणांचे गट झालेले दिसले, पण बोलणं आणि वागणं यातली तफावतही दिसली, हुंड्याच्या बाबतीत तर जास्तच. त्यांनी दोन्ही लिहून ठेवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण लुत्सानची गोष्ट सांगताना बहुतेक जण सह्यांवरच थांबतात. आणि लुत्सान अपवाद होतं, तिथे शिंप्याच्या दुकानात बसून बोलणारी माणसं आधीपासून होती. हीच श्रुतिका ऐकणाऱ्या इतर असंख्य गावांतून असं पत्र आलं नाही.

त्यानंतरचं भराभर सांगतो. ब्राझीलमध्ये १९६५ ते १९९९ दरम्यानच्या मालिका तपासल्या तर त्यातल्या पन्नाशीच्या आतल्या मुख्य नायिकांपैकी ७२ टक्के जणींना मूलच नव्हतं आणि २१ टक्के जणींना एकच. या मालिका दाखवणारी वाहिनी जिथे जिथे पोचली तिथे जन्मदर उतरला असं अभ्यासात निघालं, संदेश एकही नव्हता. आपल्याकडे २००१ ते २००३ या काळात गोव्यासह पाच ठिकाणच्या गावांत केबल टीव्ही आल्यावर बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणारं प्रमाण आणि मुलगाच हवा ही ओढ कमी झाल्याचं दिसलं, तेही सासू-सुनेच्या मालिका बघून. तिकडे अमेरिकेत २००७ ला प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना पाच डॉलर देऊन त्यातले दान करायला सांगितलं. माली देशातल्या एका सात वर्षांच्या मुलीची हकिगत वाचली त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, फक्त दुष्काळाची आकडेवारी वाचली त्यांनी १.१४, आणि हकिगतीसोबत आकडेवारीही दिली तर १.४३. म्हणजे गोष्टीला आकड्यांची जोड दिली की ती बळकट होते हा आपला भाबडा समजही तिथे टिकला नाही. आजच्या ट्रेनिंगमध्ये हाच प्रयोग सगळ्यात जास्त सांगितला जातो, पण तो एकदाच, एकट्यानं बसून पैसे देण्याचा आहे. पाच वर्षं रोज सासूसमोर उभं राहून काहीतरी वेगळं वागायचं असेल तर तो फारसा उपयोगी नाही.

८ मार्च २०१४ ला दूरदर्शनवर आणखी एक मोठी मालिका आली, मुंबईतलं करिअर सोडून गावी परतणाऱ्या डॉक्टरची, कमी वयातलं लग्न आणि मुलींचा जीव या विषयांवर. या वेळी एक सोय सुरुवातीपासून ठेवली होती, प्रेक्षकानं मिस्ड कॉल द्यायचा, मग उलट फोन येतो, त्यावर आपलं मत रेकॉर्ड करता येतं. आणि बिहार, मध्य प्रदेशच्या काही गावांत नायिकेच्या नावानं क्लब निघाले, भाग एकत्र बघायला आणि त्यावर बोलायला.