सौम्य बार आणि चिमूटभर रवा

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम झाले की धूर कितीतरी वेळ रेंगाळतो. काळ्या दारूचा, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधकाच्या मिश्रणाचा हा स्वभावच आहे. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो. बाकीच्याचे पोटॅशियमचे क्षार होतात. काही धुरातून उडतात, काही नळीला चिकटतात. एकोणिसाव्या शतकातली ठासणीची रिव्हॉल्व्हरे याच दारूच्या बेताने घडवलेली.

जुन्या वाड्यातल्या पेटीत असे एखादे हत्यार निघाले की पहिला प्रश्न येतो, 'चालतं का हो?' त्याआधीचा प्रश्न परवान्याचा. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट पुरातन, पण दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारांना आहे. परवाना असला तरी जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय बार भरू नये.

मग कुणीतरी शक्कल सांगतो: आजची बिनधुराची दारू थोडीशीच घाला, बार सौम्य होईल. घात इथेच होतो. फ्रान्सच्या पॉल व्हिएयने 1884 मध्ये तयार केलेली ही दारू नायट्रोसेल्युलोजची. तिच्या जळण्याचा वेग दाबाबरोबर झपाट्याने चढतो: दाब वाढला की ती जोरात जळते, जोरात जळली की दाब आणखी वाढतो. गोळी पुरती हलायच्या आत चेंबर, म्हणजे फिरत्या चक्रातला दारू-गोळी भरायचा कप्पा, फाटू शकते. काळ्या दारूचा वेग दाबाने इतका उसळत नाही. खुद्द कोल्ट कंपनीनेही आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला बिनधुराच्या दारूची हमी 1900 मध्ये दिली, त्याआधी नाही.

सौम्य बार हवा तर काळी दारूच कमी करायची, पण पोकळी ठेवायची नाही. दारू आणि गोळी यांच्यात जागा राहिली तर दाब वेडावाकडा चढून चेंबर फुगण्याचा धोका असतो. म्हणून जाणकार दारूवर रवा भरतात. हो, उपम्याचाच! गोळी दाबून बसते, शिवाय चेंबरच्या तोंडाजवळ राहिल्याने नेमही बरा लागतो.

गोळी मऊ शिशाची आणि चेंबरपेक्षा किंचित मोठी घेतात. दांडीने आत रेटताना तिच्या कडेने शिशाची केसाएवढी बारीक कडी कापली जाते. ही कडी पूर्ण निघाली म्हणजे गोळी सगळीकडून घट्ट बसली. अर्धवट निघाली तर फटीतून ठिणगी शेजारच्या चेंबरमध्ये जाऊन दोन बार एकदम उडू शकतात. ते टाळायला गोळीवर चरबीही थापतात. दारू थेट भांड्यातून ओतत नाहीत, पितळी मापाने घालतात. आत निखारा राहिलाच असेल तर मापापुरतीच पेटेल, हातातले भांडे नाही. घोडा, म्हणजे मागून आपटणारी हातोडी, मात्र नेहमी रिकाम्या चेंबरवर.

बार संपल्यावर नुसते तेल पुसून भागत नाही. ते क्षार तेलात विरघळत नाहीत आणि हवेतला ओलावा ओढून गंज धरतात. गरम पाणी, साबण, कोरडे फडके आणि मग तेल, हा क्रम त्याच दिवशी.