आकाशातील वीज : स्थितिक की धारा?

आकाशातील वीज म्हणजे गडगडाटी ढगात साठलेल्या विद्युतप्रभाराचा हवेतून होणारा क्षणिक, अतितीव्र प्रवाह. ती स्थितिक विद्युत की धारा विद्युत, हा प्रश्न शाळेत हमखास निघतो. ही दोन्ही नावे एकाच प्रभाराच्या दोन अवस्थांची आहेत. प्रभार अडकून राहिला तर स्थितिक, वाहू लागला तर धारा. कोसळण्यापूर्वी वीज पहिल्या अवस्थेत असते, कोसळताना दुसऱ्या.

ठाणे जिल्ह्यात विजांचा जोर वळवाच्या आणि परतीच्या पावसात असतो. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गडगडाट तुलनेने कमी. दुपारभर तापलेली दमट हवा शहापूर-मुरबाडकडे सह्याद्रीला भिडून वर चढते, ढग 10 किलोमीटरहून उंच वाढतात आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी पूर्वेकडच्या वाऱ्यांबरोबर कल्याण-ठाण्यावर येतात. ढगाच्या गोठलेल्या भागात बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांचे जड कण एकमेकांवर आदळतात. या टकरींत बहुधा जड कणांकडे ऋण प्रभार जातो, स्फटिकांकडे धन. वर जाणारी हवा स्फटिकांना माथ्यावर नेते, जड कण मधल्या थरात राहतात. या ऋण प्रभाराच्या ओढीने, स्पर्श न होताच म्हणजे प्रवर्तनाने, खालच्या जमिनीवर धन प्रभार गोळा होतो. इथवर सारा मामला स्थितिक विद्युतेचा.

केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग याच जातीचा. खाडीकाठच्या दमट हवेत तो जुलैत फसतो आणि जानेवारीच्या कोरड्या दिवसांत साधतो, कारण कंगव्यावर बसलेला ओलाव्याचा पातळ थर प्रभार वाहून नेतो. मग ओलाव्यानेच भरलेल्या ढगात प्रभार टिकतो कसा? तेथे कण हवेत सुटे तरंगतात. प्रभाराला निसटायला सलग पृष्ठभागच मिळत नाही.

कोरडी हवा विद्युतवाहक व्हायला दर मीटरला सुमारे 30 लाख व्होल्ट लागतात. ढगात मोजलेले क्षेत्र याहून बरेच कमी भरते, त्यामुळे पहिली ठिणगी नेमकी कशी पडते यावर आजही संशोधन चालू आहे. पुढचे मात्र नीट माहीत आहे. ढगातून एक अंधुक वाट सुमारे 50 मीटरच्या टप्प्याटप्प्याने खाली येते, जमिनीवरच्या उंच वस्तूतून दुसरी वर निघते आणि दोन्ही जुळताच सुमारे 30,000 अँपिअरचा प्रवाह सुटतो. वाटेतली हवा 30,000 अंशांच्या आसपास तापून स्फोटासारखी पसरते, तोच गडगडाट. त्याच वाटेने बहुधा तीन-चार वेळा प्रवाह जातो, म्हणून वीज लुकलुकल्यासारखी दिसते.

इतक्या थरारात वाहणारा प्रभार मात्र थोडका असतो : साधारण 20 कूलोम. मोबाइलला 2 अँपिअर प्रवाह देणारा चार्जर तेवढा प्रभार 10 सेकंदांत सोडतो. फरक आहे तो कोट्यवधी व्होल्टच्या विभवांतराचा (व्होल्टेजचा) आणि सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाएवढ्या वेळेचा. एका विजेची ऊर्जा सुमारे 1 अब्ज जूल धरली तर ती जेमतेम 280 युनिट होते, आणि त्यातली बहुतेक उष्णता, प्रकाश व आवाजात जाते. विजा पकडून शहर उजळण्याच्या कल्पना म्हणूनच टिकत नाहीत.

घरातल्या धारेमागे जनित्र विभवांतर सतत टिकवून धरते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून मागणी आणि निर्मितीचा मेळ क्षणोक्षणी राखला जातो. ढगाला असे टिकवणारे कोणी नाही, वाहता वाहता साठाच रिकामा होतो. 1800 साली व्होल्टाची बॅटरी येईपर्यंत माणसालाही फक्त असे रिकामे होणारे साठेच ठाऊक होते. उंच लोखंडी दांड्याने ढगातली वीज उतरवण्याचा, अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेला प्रयोग 10 मे 1752 रोजी फ्रान्समधील मार्ली येथे यशस्वी झाला आणि ढगातली वीज व घर्षणाची वीज एकच ठरली. 1833 मध्ये फॅरेडेने त्याच मालिकेत बॅटरीची वीजही बसवली.

घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींवरील तडित रक्षक ढगातला प्रभार शोषून घेत नाही. पडलेल्या विजेला जमिनीत जाण्याची सोपी वाट देतो. प्रवाह मायक्रोसेकंदांत चढत असल्याने साधा एमसीबी (प्रवाह वाढताच आपोआप बंद होणारा स्विच) वेळेत तुटत नाही, म्हणून टीव्ही व राउटरचे प्लग गडगडाट सुरू होण्यापूर्वीच काढावेत. वीज जमिनीत पसरताना दोन पावलांमध्येही विभवांतर तयार होते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने झाडाखाली बांधलेली जनावरे यात अधिक दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना मोबाइलवर देते.