घाटात ग्रुप का फुटतो?

पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने निघालेला ग्रुप वाईपर्यंत सहसा एकत्र असतो. कात्रज आणि खंबाटकीच्या चढांवर ओळ ताणते, पण उतार संपला की पुन्हा जुळते. वाई सोडून पसरणी घाट लागला की मात्र काही वळणांतच जो तो एकटा पडतो. मागे राहिलेला हौशी सायकलस्वार स्वतःला दोष देत पुढच्यांना गाठायला धडपडतो, आणि तिथेच त्याची राइड बिघडते. सरावाचा प्रश्न असतोच, पण घाटात ग्रुप फुटण्यामागे भौतिकशास्त्राचा हात मोठा आहे.

सपाट रस्त्यावर खरी झुंज हवेशी असते. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतांश शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा रोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपटीच्या आसपास जाते. म्हणून पुढच्याच्या चाकामागे थोडंसंच अंतर ठेवून चालवायचं. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. पुढच्याने हवा आधीच फोडलेली असल्याने मागच्याचे श्रम पाव ते एक तृतीयांशाने कमी होतात. कमी तयारीचा माणूस महामार्गावर मजबूत मंडळींबरोबर तासन्‌तास टिकतो, तो या आडोशामुळे.

घाटात हा आडोसाच नाहीसा होतो. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी जवळजवळ १,३०० मीटरवर, आणि मधलं अंतर १२ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी चढ ५ टक्के. वेग ताशी १०-१२ किलोमीटरवर येतो, हवेचा रोध नगण्य होतो आणि सगळी शक्ती वजन वर उचलण्यात जाऊ लागते. हे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही.

एक हिशेब करून पाहू. एकाचं वजन ६० किलो, दुसऱ्याचं ८०. दोघांची सायकल १० किलोची आणि दोघेही १५० वॅट शक्ती लावतात. सपाटीवर दोघांच्या वेगात ताशी एखाद्या किलोमीटरचाही फरक पडत नाही. पसरणीत मात्र हलका जवळपास १३ च्या वेगाने चढेल आणि जड साडेदहाच्या. माथ्यावर पोहोचेपर्यंत दोघांत सुमारे १३ मिनिटांचं अंतर! सराव सारखा, जिद्द सारखी, तरीही.

आता जड गड्याने हट्टाने हलक्याची सोबत धरली तर? त्याला १९० वॅटच्या आसपास शक्ती लावावी लागेल. प्रत्येक शरीराची एक मर्यादा असते. तिच्या आत राहिलं तर दीर्घकाळ पेडल मारता येतं. तिच्यापलीकडे गेलं की ऊर्जेचा एक छोटा राखीव साठा खर्च होऊ लागतो. हौशी माणसात तो साधारण १५ ते २० किलोज्यूलचा असतो. १५० वॅट हीच त्याची मर्यादा असेल, तर वरचे ४० वॅट हा साठा सहा ते आठ मिनिटांत संपवतात, आणि घाट तर तासाभराचा आहे. पाय भरून येण्याचा दोष पूर्वी लॅक्टिक आम्लावर टाकला जाई. आता आपल्याला माहीत आहे की लॅक्टेट, म्हणजे त्या आम्लाचं शरीरात आढळणारं रूप, हे स्नायूंचं इंधनही आहे.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: घाटाच्या पायथ्यालाच गिअर हलका करा आणि पुढच्याची पाठ बघू नका. पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ दात्यांची चकती असेल, तर ताशी १० किलोमीटरलाही मिनिटाला पेडलचे ७५ फेरे सहज बसतात. गुडघे वाचतात, श्वास ताब्यात राहतो. सपाटीवरच खाऊन घ्या. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा १,६०० ते २,००० कॅलरींच्या घरात असतो आणि दिवसभराच्या राइडला तो पुरत नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एखादं केळं आणि थोडी चिक्की खाल्ली तरी भागतं.

उष्णतेकडे मात्र फार कमी जण लक्ष देतात. अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीच्याची उष्णता होते. सपाटीवर अडवणारी हवाच घाम सुकवून अंग थंड ठेवते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. घाटात वेग कमी, वारा कमी. घाम सुकण्याऐवजी टपकतो, म्हणजे पाणी जातं आणि गारवाही मिळत नाही. जड माणसाला हे अधिक सोसावं लागतं, कारण तो जास्त वेळ चढत असतो.

माथ्यावर आधी पोहोचलेल्याची अडचण नेमकी उलटी. पेडल थांबलं की उष्णता निर्माण होणंही झपाट्याने घटतं, पण ओल्या जर्सीतला घाम पठारावरच्या वाऱ्यात सुकतच राहतो. मागच्यांची वाट बघत दहा-बारा मिनिटं तसंच उभं राहिलं तर हिवाळ्याच्या सकाळी हुडहुडी भरते. विंडचीटर खिशात ठेवावा आणि थांबल्या थांबल्या चढवावा, थंडी वाजायच्या आधी.