एका कॅटात काने किती?

शब्द जुळवायचा पत्त्यांचा खेळ मराठीत करायला घेतला, की पहिल्याच पायरीवर प्रश्न पडतो: एका पत्त्यावर छापायचं काय?

बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराला वेगळा पत्ता दिला तर ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ पत्ते होतात. जोडाक्षरं तर यात धरलेलीच नाहीत. एवढा कॅट पिसणार कोण? शिवाय ‘ढौ’ ज्याच्या वाट्याला येईल, तो शेवटपर्यंत तो पत्ता धरून बसेल.

म्हणून व्यंजनं वेगळी आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा वेगळ्या, ही मांडणी मला जास्त पटते. स्वरचिन्हांचे पत्ते पारदर्शक करायचे आणि व्यंजनाच्या पत्त्यावर ठेवायचे. मग पहिली वेलांटी आपसूक डावीकडे येते, उकार खाली आणि मात्रा डोक्यावर. न, व, र आणि एक काना घेऊन पाहा. काना ‘र’वर ठेवला की ‘नवरा’. ‘व’ उचलून पुढे आणला आणि काना त्याच्यावर सरकवला की ‘वानर’! चारच पत्ते, पण एक चिन्ह हललं आणि शब्द बदलला. खेळाची खरी मजा इथे आहे.

आता कोणता पत्ता किती वेळा छापायचा? इंग्रजी स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स हा वास्तुविशारद. १९३०च्या दशकातल्या मंदीत त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजली. त्यातून १०० सोंगट्यांमध्ये ‘ई’ला १२ जागा मिळाल्या. ‘एस’ मात्र इंग्रजीत भरपूर असूनही त्याने चारच ठेवले, कारण नामाला ‘एस’ जोडून अनेकवचन करणं फारच सोपं झालं असतं. आपल्याकडे हीच अडचण विभक्तीची. ‘घराला’, ‘झाडाला’ चालू दिलं, तर ‘ल’ आणि काने हातात असलेला खेळाडू डोकं न लढवता जिंकेल. तेव्हा शब्दकोशात जसा दिलाय तसाच शब्द धरावा. मोजणीही शब्दकोशातूनच करावी. वर्तमानपत्रात ‘आहे’ आणि ‘होते’ इतक्यांदा येतात, की ‘ह’चा आकडा उगाच फुगतो.

संभाव्यतेचं गणितही इथे उपयोगी पडतं. १०० पत्त्यांत एखादं अक्षर चारदा असेल, तर सात पत्ते वाटल्यावर त्यातलं निदान एक हातात येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के. स्वरचिन्हं ३५ ठेवली, तर सातांत एकही न येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास. तसं झालं तरी मराठीत फारसं बिघडत नाही, कारण व्यंजनाच्या पोटात ‘अ’ असतोच: कमळ, गवत, मदत, सरळ. इंग्रजीत स्वर आले नाहीत की खेळाडू अडतो. आपल्याकडे नुसते काने आणि वेलांट्या आल्या की अडेल, कारण त्यांना बसायला व्यंजन लागतं. म्हणून स्वरचिन्हं थोडी कमीच ठेवावीत.

जोडाक्षरांसाठी पाय मोडायचा एक वेगळा पत्ता लागेल. ‘पुस्तक’ लावायला प, उकार, स, पायमोड, त, क असे सहा पत्ते खर्ची पडतात, तेव्हा जोडाक्षराला जादा गुण हवेतच.

गुण किती, हे मात्र खेळूनच ठरवावं लागेल. प्रत्येक डाव संपला की हातात उरलेले पत्ते लिहून ठेवायचे. जो पत्ता पुन्हा पुन्हा उरतो, त्याच्या प्रती कमी करायच्या किंवा त्याचे गुण वाढवायचे, आणि पुन्हा पिसून वाटायचं.