प्रश्न बदलला की नजर बदलते : भाषेच्या तासातील चित्रवाचन

मराठीच्या पेपरात चित्रवर्णन आले की उत्तरपत्रिकांत ठरावीक वाक्ये उतरतात : ‘चित्रात एक झाड आहे. झाडाखाली एक बाई बसली आहे. बाईजवळ टोपली आहे.’ या वाक्यांत व्याकरणाची चूक नसते आणि गुणही मिळतात, पण मुलाने चित्र पाहिले असे मात्र म्हणवत नाही. मजकूर वाचायला शिकावे लागते, चित्र डोळे उघडे असले की आपोआप कळते, हा समज यामागे आहे. दृष्टीचे शरीरशास्त्र काही वेगळेच सांगते.

दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या आतील पडद्यावर, पीतबिंदू नावाच्या भागाच्या मध्यभागी सुमारे दीड मिलिमीटर रुंदीचा एक खळगा असतो. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशींची सर्वाधिक दाटी येथे असते, आणि हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतो. बाकीचे दृश्य अंधूक असूनही तसे जाणवत नाही, कारण डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारून स्पष्ट तुकडे गोळा करत असतात. या उडीला सॅकेड म्हणतात. ती काही शतांश सेकंदांत संपते आणि नंतर नजर साधारण पाव सेकंद स्थिरावते. उडी चालू असताना मेंदू दृश्य माहिती बरीचशी दाबून टाकतो. आरशासमोर उभे राहून आपल्याच डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे पाहा : डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. पुढची उडी कोठे पडावी हे काही अंशी चित्रातील उजळपणा, कडा आणि चेहरे ठरवतात. परंतु मेंदूच्या अग्र आणि पार्श्व खंडांतील केंद्रे, आपण काय शोधत आहोत त्यानुसार, मध्यमेंदूतील सुपीरियर कॉलिक्युलस या भागाला आज्ञा देऊन ती वळवूही शकतात.

आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने हे फार सुंदर रीतीने दाखवले. इल्या रेपिन यांच्या एका चित्रात हद्दपारीतून अवचित परतलेला माणूस घरात पाऊल टाकतो आणि कुटुंबीय चकित होऊन पाहतात. यार्बुस यांनी हे चित्र एकाच व्यक्तीला सात वेळा दाखवले, मात्र दर वेळी सूचना वेगळी दिली, आणि डोळ्यावर बसवलेल्या छोट्या उपकरणाने नजरेचा माग टिपला. वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांभोवती घुटमळली. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा ती सामानावर आणि कपड्यांवर फिरली. हे काम १९६७ साली इंग्रजी पुस्तकातून जगभर पोहोचले. नंतरच्या संशोधनाने त्यातील बारकावे तपासले, पण कामानुसार नजरेची वाट बदलते हा मूळ निष्कर्ष टिकून आहे.

भाषाशिक्षकाच्या हाती हेच साधन आहे. नाशिकच्या शाळांची सहल पांडवलेण्यांवर जातेच. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यासमोर ‘काय दिसते?’ असे विचारले तर ‘मूर्ती’ एवढेच उत्तर येते. ‘या लेण्याचा भार कोणी पेलला आहे?’ असे विचारताच नजर खाली उतरते आणि जमिनीतून अर्धे वर आल्यासारखे, तुळया खांद्यावर तोलून धरणारे सहा धिप्पाड यक्ष सापडतात. ‘कारागिराने दगडात लाकडाची नक्कल कोठे केली आहे?’ हा प्रश्न नजरेला तुळयांकडे आणि कठड्याच्या नक्षीकडे नेतो. मग वर्णनात ‘आहे, आहे’ या मालिकेऐवजी पेलणे, वाकणे, टेकणे ही क्रियापदे येण्याची शक्यता वाढते, कारण ज्यावर नजर थांबलीच नाही त्यासाठी मूल शब्द शोधणार तरी कशाला?

चित्र मजकुरापेक्षा साठ हजार पट वेगाने समजते, हे वाक्य कार्यशाळांत आणि व्हॉट्सॲपवर मोठ्या आत्मविश्वासाने फिरते. त्यामागे कोणताही अभ्यास सापडत नाही. ‘हे मूल दृश्य पद्धतीने शिकणारे’ अशी वर्गवारीही पुराव्यावर टिकलेली नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली घेतलेल्या आढाव्यात तिला पुरेसा आधार मिळाला नाही. अशा दाव्यांवर प्रशिक्षणाचे दिवस खर्ची पडणे दुःखद आहे.

अमेरिकेत ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत चित्रासमोर तीनच प्रश्न विचारतात : येथे काय चालले आहे, कशावरून म्हणतोस, आणखी काय सापडते? यांतला दुसरा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नजरेला पुराव्यापाशी परत पाठवतो आणि वाक्याला ‘कारण’ जोडायला लावतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांतील एखादे दृश्य फळ्याशेजारी लावले, तर संवाद मुलांनीच लिहायचे आणि प्रत्येक संवादाला चेहऱ्यातला, हातातला किंवा उभे राहण्यातला आधार दाखवायचा, असा तास आठवीच्या वर्गात सहज घेता येतो.