कर्नलच्या चाचणीतली बिनकामाची कामं

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती दर ९-१० आठवड्यांनी येते आणि तिच्यात सहसा १० हजारांहून जास्त बदल असतात. एखाद्या बदलाने जुनं काही बिघडलं तर कळावं, म्हणून कर्नलच्या सोर्स कोडमध्येच 'सेल्फटेस्ट' नावाचा चाचण्यांचा साठा असतो. त्यातल्या बऱ्याचशा साध्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकाखाली एक कमांड लिहिलेल्या फाइल. नवी चाचणी लिहायची तर शेजारची जुनी फाइल कॉपी करणं सोपं पडतं, आणि मग कशासाठी होत्या हे कुणालाच सांगता येणार नाही अशा ओळी वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतात.

नेटवर्कची चाचणी घ्या. तिला खरं नेटवर्क कार्ड लागत नाही. स्क्रिप्ट दोन 'नेटवर्क नेमस्पेस' बनवते, म्हणजे एकाच मशीनवर एकमेकांपासून तोडलेली दोन नेटवर्कं. मग 'व्हेथ' नावाची आभासी केबल जोडते, दोन्ही टोकांना पत्ते देते, पिंग करते, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का बघते, आणि शेवटी आवरतं घेते. हे आवरणं पुष्कळदा असं असतं: पत्ते काढा, व्हेथचं एक टोक पुसा, दुसरं पुसा, मग नेमस्पेस पुसा. यातली पहिली तिन्ही कामं फुकट. व्हेथचं एक टोक गेलं की दुसरं कर्नलच काढतो, आणि नेमस्पेस गेली की तिच्यातली व्हेथ, पत्ते, रूट (मार्ग) सगळंच जातं. दुसरं टोक पुसायला निघालेली कमांड तर 'असं काही नाही' म्हणून एरर देते. तो एरर दिसू नये म्हणून कुणीतरी आउटपुट 'डेव्ह-नल'मध्ये, म्हणजे टाकलेलं सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलमध्ये, ढकललेलं असतं. असे दाबून टाकलेले एरर दिसले की माझा संशय तिथूनच सुरू होतो.

पण नेमस्पेसमध्ये मागे चालू राहिलेला सर्व्हर बंद करणारी ओळ काढू नये. तिच्यात एखादी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, जिवंत असेपर्यंत कर्नल ती नेमस्पेस सोडत नाही.

खरा वेळ खातात त्या 'स्लीप'च्या, म्हणजे ठरावीक सेकंद नुसतं थांबण्याच्या, ओळी. आयपीव्ही-६ चा (नव्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता दिला की तोच पत्ता आणखी कुणी वापरतंय का, हे कर्नल तपासतो. त्यात साधारण १ सेकंद जातो आणि तोवर तो पत्ता कच्चा मानला जातो. म्हणून स्क्रिप्टमध्ये २ सेकंदांची झोप. पण दोनच टोकं असलेल्या बंद नेटवर्कात, जिथे दोन्ही पत्ते आपणच दिलेत, तिथे दुसरा दावेदार येणार कुठून? पत्ता देताना 'नोडॅड' हा पर्याय लावला की त्या पत्त्यापुरती तपासणी टळते आणि झोपही.

सगळ्या झोपा अशा उडवता येत नाहीत. सर्व्हर तयार होण्याची वाट पाहावीच लागते. ती ओळ नुसती खोडली, तर वेगवान लॅपटॉपवर चाचणी पास होईल आणि 'केसॅन'सारखी मेमरी-तपासणी चालू असलेल्या संथ कर्नलवर आपटेल. तिथे ठरावीक झोपेऐवजी थोड्या थोड्या वेळाने विचारत राहायचं: पोर्ट (सर्व्हरचं दार) उघडला का? उघडला की पुढे. नेटवर्क चाचण्यांच्या सामाईक लायब्ररीत यासाठी 'बिझीवेट' हे फंक्शन तयारच आहे.

फाइल दाखवणाऱ्या 'कॅट'चं आउटपुट ओळी शोधणाऱ्या 'ग्रेप'ला आणि त्याचं ओळीतले तुकडे काढणाऱ्या 'ऑक'ला देणाऱ्या ओळींवरही लोक तुटून पडतात. एकटं 'ऑक' ते सगळं करतं हे खरं, पण हजारो फेऱ्यांच्या लूपमध्ये नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

एवढा सेकंदांचा हिशेब कशाला? सेल्फटेस्टचा रनर, म्हणजे चाचण्या चालवणारा प्रोग्रॅम, एका स्क्रिप्टला मुळात ४५ सेकंद देतो. ४० सेकंद घेणारी स्क्रिप्ट साध्या कर्नलवर निभावते, संथ कर्नलवर मात्र मधेच मारली जाते, आणि दोष नसलेल्या कर्नलच्या नावावर अपयश लागतं. सेटिंग्जच्या फाइलमध्ये मर्यादा वाढवता येते. बरेच जण तेच करतात.

सगळ्यात फसवी काटछाट म्हणजे प्रत्येक उपचाचणीसाठी नवी नेमस्पेस न बनवता एकच वापरणं. वेळ भरपूर वाचतो. पण पहिल्या पिंगने शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता कर्नलच्या तक्त्यात नोंदला गेलेला असतो. दुसरी उपचाचणी तीच नोंद वापरते, आणि पत्ता शोधण्याचा कोड चालतच नाही. त्यात बिघाड असला तरी चाचणी हिरवीच, म्हणजे पास.

म्हणून कापलेली स्क्रिप्ट पास झाली यावर भागत नाही. ज्या दुरुस्तीसाठी ती चाचणी लिहिली होती, ती दुरुस्ती कर्नलमधून तात्पुरती काढून पुन्हा चालवावी. आता ती नापास व्हायलाच हवी. मग उपचाचण्या उलट्या क्रमानेही एकदा चालवून बघाव्यात.