बचावफळीचे मूल्यमापन (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलच्या महाविद्यालयीन हंगामात एक सामना संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत संघाची बचावफळी कितपत सक्षम आहे आणि तिच्यामागे राखीव खेळाडूंचे बळ किती आहे, याची जी पद्धतशीर तपासणी केली जाते तिचा या नोंदीत विचार केला आहे. सामने बहुधा शनिवारी होत असल्याने हा काळ साधारणतः आठवड्याचा असतो. तपासणी संघाचे स्वतःचे प्रशिक्षक करतात, तसेच पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे प्रशिक्षक व बाहेरचे विश्लेषकही करतात. मात्र प्रत्येकाच्या हाती येणारी सामग्री सारखी नसल्याने एकाच संघाविषयी त्यांचे निष्कर्ष पुष्कळदा जुळत नाहीत.

पूर्वपीठिका : बचावफळी स्वतंत्रपणे जोखण्याचा प्रश्न बचावासाठी निराळे खेळाडू ठेवले जाऊ लागले तेव्हाच निर्माण झाला. १९४१ पूर्वी तेच अकरा खेळाडू आक्रमण व बचाव ही दोन्ही कामे करीत आणि एकदा मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूच्या परतण्यावर कडक बंधने असत. १९४१ च्या हंगामापासून खेळाडू बदलण्याची जवळजवळ मोकळीक मिळाली. दुसऱ्या महायुद्धामुळे तरुणांची टंचाई भासू लागल्याने हा बदल झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. तथापि ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा तो हंगाम जवळपास आटोपला होता, त्यामुळे अमेरिकेच्या युद्धप्रवेशाचा परिणाम म्हणून या नियमाकडे पाहता येत नाही. सक्तीची लष्करभरती १९४० मध्येच सुरू झाली होती हे लक्षात घेता युद्धाचा संबंध अगदीच नाकारणेही योग्य ठरणार नाही. नियम आधी झाला आणि त्याचा खरा उपयोग युद्धकाळातील टंचाईने शिकवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दोन स्वतंत्र पथके मैदानात उतरवण्याचे श्रेय सामान्यतः मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांना दिले जाते. १३ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बलाढ्य आर्मी (वेस्ट पॉइंट लष्करी अकादमी) संघाशी त्यांची गाठ होती. त्यांच्याकडे बव्हंशी कोवळ्या वयाची, पहिल्या वर्षाची मुले होती. ती दोन्ही बाजूंनी खेळून दमली असती, म्हणून त्यांनी आक्रमणाला एक आणि बचावाला दुसरा असे गट पाडले. आर्मीने सामना २८–७ असा जिंकला, तरी ही युक्ती त्यांचे प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांच्या मनात भरली व त्यांनी ती उचलली. अशा गटाला ‘प्लॅटून’ हे लष्करी नाव त्यांच्यामुळेच मिळाले, असे मानले जाते. मोकळिकीचा नियम तोपर्यंत चार वर्षे अमलात होता. तेवढ्या काळात कोणीही असा प्रयोग केला नसेल, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल. पहिल्या पूर्ण विभागणीचा मान क्रिसलर यांना आणि पद्धत रुजवण्याचा मान ब्लेक यांना देणे हा त्यातल्या त्यात समतोल निवाडा होय.

१९५३ मध्ये मुख्यतः खर्चाच्या कारणावरून ही मोकळीक काढून घेण्यात आली आणि खेळाडूंना पुन्हा दोन्ही बाजूंनी खेळावे लागले. ती परत कधी मिळाली, याबद्दल १९६४ व १९६५ अशी दोन वर्षे सांगितली जातात. १९६४ मध्ये बंधने बरीच सैल झाली आणि १९६५ पासून विभागणी पूर्णपणे शक्य झाली, असे पाहिल्यास या दोन तारखांत फारसा विरोध उरत नाही. १९७२ पासून पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही मुख्य संघातून खेळण्यास पुन्हा पात्र ठरले. आज ज्याला संघाची ‘डेप्थ’, म्हणजे राखीव बळ, म्हणतात ती या दोन बदलांनंतरची गोष्ट आहे.

राखीव बळाची मर्यादा : संघाकडे किती राखीव खेळाडू असावेत हे प्रशिक्षकाच्या इच्छेपेक्षा नियमांवर अधिक अवलंबून राहिले आहे. सर्वोच्च स्तरावरील शिष्यवृत्त्यांची कमाल संख्या १९७३ मध्ये १०५ ठरली, १९७८ मध्ये ती ९५ झाली आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात टप्प्याटप्प्याने ८५ वर आली. प्रत्येक कपातीबरोबर मोठ्या विद्यापीठांकडे साठून राहणारे चांगले खेळाडू इतरत्र पांगले. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती शिष्यवृत्त्यांची मर्यादा संपली आणि तिच्या जागी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या, म्हणजे वॉक-ऑन, मुलांना याची झळ बसली. सरावात प्रतिस्पर्ध्याची भूमिका करणारा ‘स्काउट संघ’ बहुतांशी याच मुलांमधून उभा राहत असल्याने हा परिणाम केवळ आकड्यांपुरता नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलने (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीने) दुसऱ्या फळीची स्थिती आणखी अस्थिर केली. पूर्वी दोन वर्षे मागे थांबून तयार होणारा खेळाडू आता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच पहिल्या अकरांत खेळू शकतो. त्याच वर्षापासून चारपर्यंत सामने खेळूनही खेळाडूचे पात्रतेचे वर्ष राखण्याची, म्हणजे रेडशर्टची, सवलत मिळाली. त्यामुळे एखादा नवखा खेळाडू चार सामन्यांनंतर दिसेनासा झाला, तर तो जायबंदी आहे की त्याचे वर्ष राखले जात आहे, याचा बाहेरच्या निरीक्षकाला उलगडा होत नाही.

आठवड्याचा क्रम : सामन्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक चित्रफितीवरून प्रत्येक खेळाडूला स्नॅपनिहाय, म्हणजे चालीगणिक, गुण देतात. पद्धती अनेक असल्या तरी गाभा एकच असतो : नेमून दिलेले काम झाले की नाही, त्यातले तंत्र कसे होते आणि खेळाडू शेवटपर्यंत धावला की नाही. मधल्या लाइनबॅकरने (समोरच्या रांगेमागच्या बचावपटूने) राखायला नेमून दिलेली स्वतःची फट सोडून चेंडूमागे धाव घेतली आणि योगायोगाने टॅकल मिळवला, म्हणजे चेंडूवाल्याला पाडले, तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात; गुणपत्रिकेत मात्र त्याच्या नावापुढे वजा पडतो, कारण चेंडूवाला त्या मोकळ्या फटीतून वळला असता तर तेथे कोणीच नव्हते. चाल दुसऱ्या बाजूला गेल्यावर पाय मंद करणाऱ्याची ‘लोफ’ म्हणून निराळी नोंद होते. खेळाडूंना असह्य वाटणारी कदाचित हीच नोंद असावी, कारण ती साऱ्या गटासमोर दाखवली जाते.

पुढचे दिवस प्रतिस्पर्ध्याच्या तयारीत जातात. हंगामात सक्तीच्या सराव-बैठकांना आठवड्याला २० आणि दिवसाला ४ तासांची मर्यादा असून एक दिवस सुट्टीचा द्यावा लागतो, त्यामुळे चुकांची उजळणी आणि नवी आखणी यांत वेळेची ओढाताण होतेच. मंगळवार व बुधवारचा सराव अंगझटीचा असतो, तर गुरुवारनंतर तो हलका होतो.

डेप्थ चार्ट : प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा व तिसरा खेळाडू दाखवणारा हा तक्ता आठवड्याच्या सुरुवातीस प्रसिद्ध करण्याची प्रथा असून अलीकडे काही प्रशिक्षकांनी ती बंद केली आहे. दोन नावांच्या मध्ये ‘किंवा’ घालण्याची मुभा असल्याने तक्ता उघड करूनही फारसे सांगायचे नाही, असे मुत्सद्दी धोरण सहज साधता येते. बचावफळीच्या बाबतीत छापील क्रमापेक्षा प्रत्यक्ष खेळलेल्या स्नॅपची संख्या अधिक विश्वसनीय मानावी. समोरच्या रांगेतील जाडजूड खेळाडू लवकर दमतात व आलटूनपालटून खेळवले जातात; तेथील दुसरी फळी ही खरे तर पहिलीचाच भाग असते. मागे राहून पास अडवणाऱ्या कॉर्नरबॅक आणि सेफ्टी या पार्श्वरक्षकांना सहसा विश्रांती मिळत नाही, म्हणून तेथे एकाच्या दुखापतीने सगळी रचना डळमळू शकते. शिवाय, पाच पार्श्वरक्षकांची निकेल रचना आता नेहमीची झाली असूनही काही तक्ते जुन्या चार-तीन रचनेनुसार (समोर चार, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर) छापले जातात. परिणामी मोठ्या प्रमाणावर खेळणाऱ्या निकेलबॅकचे नाव ‘राखीव’ म्हणून दिसते.

आकडेवारी : दर सामन्याला दिलेले गुण हे सर्वांत प्रचलित आणि सर्वांत फसवे मोजमाप आहे. स्वतःच्या क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूने) फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने अडवून थेट टचडाउन केला, म्हणजे गोलक्षेत्रात नेला, तरी ते गुण या सरासरीत बचावफळीच्या माथी येतात. त्याऐवजी दर चालीमागे दिलेले यार्ड किंवा प्रतिस्पर्ध्याच्या दर ड्राइव्हमागे (चेंडू हाती असतानाच्या सलग चालींमागे) दिलेले गुण पाहणे बरे. ‘यशाचे प्रमाण’ या मोजमापात पहिल्या डाउनवर (१० यार्ड तोडण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्यावर) आवश्यक अंतराच्या ५०%, दुसऱ्यावर ७०% आणि तिसऱ्या-चौथ्यावर १००% अंतर तोडले, तर ती चाल आक्रमणाला साधली असे धरतात. विश्लेषक बिल कॉनेली यांच्या एसपी प्लस पद्धतीत अशा चालींच्या यशाबरोबर प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचाही हिशोब केला जातो. निकाल ठरून गेल्यानंतरच्या चाली बाजूला काढणे अगत्याचे असते, कारण त्या वेळी राखीव खेळाडू खेळत असतात. राखीव बळ जोखणाऱ्याला मात्र नेमक्या त्याच टाकाऊ चालींत माल सापडतो.

एक तांत्रिक बाब येथे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन नोंदींत सॅकमुळे (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडल्यामुळे) गेलेले यार्ड धावांच्या खात्यातून वजा होतात, तर व्यावसायिक एनएफएलमध्ये ते पासच्या खात्यातून जातात. समजा, प्रतिस्पर्ध्याने ३० वेळा चेंडू घेऊन धावत १५० यार्ड काढले, म्हणजे सरासरी ५ यार्ड. आणि त्याचा क्वार्टरबॅक पाच वेळा सॅक होऊन ३५ यार्ड गेले. अधिकृत तक्त्यात हे ३५ धावांत ११५ यार्ड असे दिसते आणि सरासरी ३.३ च्याही खाली येते. धावा रोखण्यात कच्ची असलेली बचावफळी अशा रीतीने कागदावर भक्कम ठरते, आणि क्वार्टरबॅकवरील दडपणाचे श्रेय पासविरोधी खेळाच्या सरासरीत कोठेच उमटत नाही. दोन संघांची तुलना करताना सॅक वेगळे काढल्याशिवाय धावांच्या आकड्यांना हात लावू नये.

जॉर्जिया, २०२१ : मूल्यमापन एका सामन्याने कसे हलते याचे हे चांगले उदाहरण. कर्बी स्मार्ट मुख्य प्रशिक्षक आणि डॅन लॅनिंग डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावफळीचे प्रमुख प्रशिक्षक) असलेल्या या संघाने नियमित हंगामातील १२ सामन्यांत केवळ ८३ गुण दिले होते. ४ डिसेंबर २०२१ रोजी एसईसी या विद्यापीठ परिषदेच्या विजेतेपदाच्या सामन्यात अलाबामाने त्यांना ४१–२४ असे हरवले. क्वार्टरबॅक ब्राइस यंग यांनी ४२१ यार्डांचे पास दिले आणि त्यांना एकदाही सॅक करता आले नाही. ही बचावफळी दुबळ्या संघांवर पोसली गेली होती, असा सूर लगेच निघाला. त्या ४१ पैकी ७ गुण अलाबामाच्या जॉर्डन बॅटल यांनी चेंडू अडवून केलेल्या टचडाउनचे होते, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

मिशिगनला ३४–११ असे नमवून १० जानेवारी २०२२ रोजी जॉर्जियाने इंडियानापोलिस येथे अलाबामाला ३३–१८ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. यंग यांना या वेळी चारदा सॅक करण्यात आले. अलाबामाची धाव अधिकृतपणे ३० यार्ड नोंदली गेली, पण त्यांचे प्रमुख धावपटू ब्रायन रॉबिन्सन यांचे एकट्याचे ६८ यार्ड होते. उरलेला फरक प्रामुख्याने वर सांगितलेल्या सॅकच्या हिशोबाचा आहे. बदलाची कारणमीमांसा दोन प्रकारे केली जाते. एक मत जॉर्जियाने दडपणाच्या चाली बदलल्या यावर भर देते. दुसऱ्या मतानुसार अलाबामाचे राखीव बळ तोकडे पडले : जॉन मेची पहिल्या सामन्यात जायबंदी झाले होते आणि जेमिसन विल्यम्स अंतिम सामन्याच्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये (दुसऱ्या पावभागात), त्यामुळे उत्तरार्धात नवख्या रिसीव्हरांवर (पास झेलणाऱ्यांवर) भिस्त ठेवावी लागली. दुसरे कारण वगळून पहिल्याला सारे श्रेय देणे कठीण दिसते.

जॉर्जियाच्या त्या संघातील बचावफळीचे पाच खेळाडू २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडले गेले. जॉर्डन डेव्हिस व डेव्हॉन्टे वायट त्यांपैकीच. त्यांच्यामागे राहिलेले आणि त्या हंगामात बहुतेक सामन्यांच्या सुरुवातीच्या अकरांत नसलेले जेलन कार्टर २०२३ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडले गेले.

माहितीची उपलब्धता : त्या हंगामातील भावी प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन पाहण्यास एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा नियामक संस्थेची १९९० च्या दशकापासून बंदी आहे, चित्रफितींची देवाणघेवाण मात्र खुली असते. २०२३ मध्ये मिशिगनवर प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी चाली कळवण्यासाठी केलेल्या खुणा टिपण्यास माणसे पाठवल्याचा आरोप होऊन बिग टेन या विद्यापीठ परिषदेने मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांना तीन सामन्यांसाठी दूर ठेवले. २०२४ पासून सर्वोच्च स्तरावर बचावफळीतील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवण्यास परवानगी मिळाल्याने खुणांचे महत्त्व बरेच कमी झाले आहे.

दुखापतींबाबत प्रशिक्षक पूर्वी मौन पाळीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने राज्यांना क्रीडासट्टा कायदेशीर करण्याची वाट मोकळी झाली आणि आतल्या माहितीला पैशाचे मोल आले. बिग टेनने २०२३ पासून सामन्याआधी दोन तास, तर एसईसीने २०२४ पासून परिषदेतील सामन्यांसाठी बुधवारपासून रोज उपलब्धतेचा अहवाल देणे बंधनकारक केले.

खालच्या विभागांत चित्र निराळे आहे. तिसऱ्या विभागात क्रीडा शिष्यवृत्त्याच नसतात आणि राखीव बळ विद्यार्थ्यांच्या हौसेवर ठरते. गुणपत्रिका तेथेही भरल्या जातात, पण बहुधा दोन-तीन पूर्णवेळ प्रशिक्षकांच्या हातून.